पीयूषिकेची गाठ, पण पीयूषिकेबाहेर: प्रयोगशाळा, एमआरआय केंद्र आणि रुग्णालय यांच्या सेवेचे परीक्षण

अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक बेसुमार वाढते, त्या कुशिंगच्या आजाराचे निदान एका डॉक्टरकडे एका भेटीत उरकत नाही. रक्ताचा नमुना घेणारी प्रयोगशाळा, एमआरआय केंद्र, संप्रेरकांचा विभाग, शस्त्रक्रिया करणारे पथक आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे पॅथॉलॉजिस्ट अशा अनेक सेवा रुग्णाला घ्याव्या लागतात, आणि त्यांपैकी एकीचे काम ढिले पडले की पुढच्या सगळ्यांची दिशा चुकते. माझ्या वहिनींच्या आजारपणात या सर्व सेवांशी आमचा संबंध आला. त्यांचा आजार कुशिंगच्या रुग्णांतही विरळा होता, कारण मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारे एसीटीएच हे संप्रेरक पाझरणारी पीयूषिकेची गाठ पीयूषिकेत नव्हतीच, ती तिच्या खालच्या स्फेनॉइड सायनसमध्ये, म्हणजे नाकामागच्या हाडातील पोकळीत वाढलेली होती. अशा रुग्णाच्या बाबतीत कोणती सेवा पैसे आणि वेळ खर्च करण्याजोगी ठरते आणि कोठे डोळे उघडे ठेवावे लागतात, हे इतरांना कळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कोणत्याही संस्थेचे नाव दिलेले नाही. दोष दाखवताना कोणाला नावानिशी उभे करायचे नाही, आणि मग स्तुतीपुरते नाव घेणेही बरोबर दिसत नाही.

गाठ भलत्या जागी येते कशी, ते समजल्याखेरीज या सेवांची पारख करता येत नाही. मेंदूच्या तळाशी, स्फेनॉइड हाडाच्या खोबणीत पीयूषिका ग्रंथी असते. तिचा मागचा भाग मेंदूपासून तयार होतो, पण पुढचा, म्हणजे बहुतेक संप्रेरके बनवणारा भाग मुळात मेंदूचा नाहीच. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास तोंडाच्या छताचे अस्तर वरच्या दिशेने फुगून एक पिशवी तयार होते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शरीरशास्त्रज्ञ मार्टिन राथके यांच्या नावाने ती ओळखली जाते. ही पिशवी वर सरकत जाते, स्फेनॉइड हाड जेथे घडणार असते तेथून पलीकडे पोचते, आणि मागची वाट बंद होते. बदलीच्या गावी निघालेल्या ट्रकमधून एखाद-दुसरे बोचके वाटेतच उतरवले जावे, तशा काही पेशी या वाटेवर मागे राहतात. नाकाच्या मागे, घशाच्या छतात अशा पेशींचा एक सूक्ष्म पुंजका तर बहुतेक सर्वांनाच असतो आणि तो जन्मभर काही उपद्रव देत नाही. क्वचित एखाद्याच्या बाबतीत मात्र मागे राहिलेल्या पेशींतूनच गाठ वाढते, आणि मूळ ग्रंथी आपल्या जागी जशीच्या तशी निरोगी असते.

अशा गाठी सर्वांत जास्त आढळतात त्या स्फेनॉइड सायनसमध्ये. त्याखालोखाल ग्रंथीच्या खोबणीच्या वरचा भाग, क्लायव्हस हे कवटीच्या तळाचे हाड, कॅव्हर्नस सायनस ही पीयूषिकेच्या दोन्ही बाजूंची रक्तवाहिन्यांची जागा आणि नाकाच्या मागचा घसा या जागा येतात. यांतली बरीचशी ठिकाणे राथकेच्या पिशवीच्या वाटेवरचीच आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे एमआरआयबद्दल जे लिहिणार आहे त्याचा सगळा आधार येथे आहे. व्हिएन्नाचे याकोब एर्डहाइम यांनी १९०९ मध्ये अशा गाठीचे केलेले वर्णन पहिले मानले जाते. म्हणजे ही माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तरीही अहवाल लिहिणाऱ्याच्या मनात ती वेळेवर येत नाही.

या गाठी एसीटीएच, वाढीचे संप्रेरक, प्रोलॅक्टिन किंवा थायरॉइडला चालना देणारे टीएसएच यांपैकी काहीही पाझरू शकतात. टीएसएच पाझरणाऱ्या गाठी अगदीच थोड्या. त्यांच्यात थायरॉइडची संप्रेरके वाढलेली असतानाही टीएसएच खाली जात नाही, आणि एवढी एक विसंगती नजरेतून सुटली तर रुग्णावर निष्कारण थायरॉइडचे उपचार होतात. आणखी एक गल्लत नेहमी होते. फुप्फुसातील किंवा स्वादुपिंडातील काही गाठीही एसीटीएच बनवतात, परंतु त्या पीयूषिकेच्या पेशींच्या नसतात. तो वेगळा आजार आहे, त्याचा शोध छातीच्या आणि पोटाच्या सीटी स्कॅनने घेतात. आम्हांला सुरुवातीला एका ठिकाणी हे दोन्ही आजार एकच असल्याप्रमाणे समजावून सांगण्यात आले होते, आणि त्यामुळे घरात काही काळ कर्करोगाचीच धास्ती होती.

वहिनी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहेत. पोट आणि मानेमागचा भाग वाढत गेला, हातपाय मात्र काड्या झाले. चेहरा गोल आणि लालसर झाला, पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटले, किरकोळ धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग पडू लागले. रक्तदाब आणि साखर दोन्ही एकदमच वाढले होते. वयोमान, रजोनिवृत्ती, खाण्यावर ताबा नसणे असे सगळे निष्कर्ष नातेवाईक मंडळींनी काढून झाले. तालुक्याच्या फिजिशियनांनी मात्र पट्ट्यांचा रंग पाहून कॉर्टिसॉलची शंका घेतली. नुसत्या लठ्ठपणात पडणारे पट्टे फिकट आणि अरुंद असतात, हे त्यांनी दादाला तेथेच सांगितले. या सगळ्या प्रकरणात ज्यांची फी सर्वांत कमी होती, त्यांचे काम सर्वांत उजवे होते, असे मी आजही म्हणेन.

आता प्रयोगशाळेविषयी. घरी येऊन रक्त घेऊन जाणारी, मोबाइलवर अहवाल पाठवणारी, जिल्ह्याच्या गावी संकलन केंद्र असलेली ही एक मोठी साखळी आहे. साध्या रक्ततपासणीसाठी ती सोयीची आहे. कुशिंगच्या चाचण्यांसाठी मी तिची शिफारस करणार नाही. पहिली चाचणी म्हणजे रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल मोजायचे. निरोगी माणसात ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दबते. वहिनींनी गोळ्या घड्याळ पाहून घेतल्या, पण रक्त घेणारा मुलगा दहा वाजून गेल्यावर आला आणि अहवालावर नमुन्याची वेळ म्हणून छापली गेली ती केंद्रावर बाटली पोचल्याची. आकडा इतका चढा होता की या चाचणीचा निष्कर्ष उशिरामुळे बदलला नसता, हे खरे. पण आकडा सीमेवरचा असता, तर त्या अहवालाला काही अर्थ उरला नसता.

खरी हानी एसीटीएचच्या नमुन्यात झाली. हे संप्रेरक रक्त काढल्यावर बाहेर फार टिकत नाही. त्यासाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीएची बाटली आधीच थंड केलेली असावी लागते, नमुना लगेच बर्फात ठेवावा लागतो आणि प्लाझ्मा शीत यंत्रात वेगळा करून गोठवावा लागतो. आमच्याकडे नमुना गेला तो दुचाकीच्या डिकीत, इतर बाटल्यांबरोबर, एका निवलेल्या जेल पॅकवर. अहवालात एसीटीएच १० पिकोग्रॅमच्याही खाली आले. एसीटीएच कमी आणि कॉर्टिसॉल जास्त याचा सरळ अर्थ होतो की दोष ॲड्रिनल ग्रंथीत आहे. त्यामुळे पोटाचा सीटी स्कॅन झाला. त्यात दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल ग्रंथी थोड्या जाड दिसल्या, गाठ कोठेच नाही. वरून एसीटीएचचा मारा होत असतो तेव्हाच दोन्ही ग्रंथी अशा जाडावतात. फिजिशियनांना हे खटकले आणि त्यांनी चाचणी पुन्हा, पण रुग्णालयाच्या आवारातच रक्त काढणाऱ्या प्रयोगशाळेत करायला सांगितले. या वेळी आकडा २० च्या बराच वर आला. पहिल्या साखळीकडे तक्रार केल्यावर उत्तर आले की त्यांचे यंत्र प्रमाणित आहे. यंत्राबद्दल आमची तक्रारच नव्हती. बाटली कशी नेली, याचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही.

एमआरआय केंद्राबद्दल लिहिताना मला थोडे सावध राहावे लागत आहे, कारण तेथील वागणूक चांगली होती. वेळ पाळली गेली, यंत्राच्या आवाजाने वहिनी घाबरल्या तेव्हा तंत्रज्ञाने थांबून त्यांना धीर दिला, प्रतिमा उजळवणारे कॉन्ट्रास्टचे औषध देण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल मागितला. प्रतिमाही उत्तम होत्या, हे पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितले. उणीव राहिली ती वाचनात. अहवालाच्या निष्कर्षात एकच वाक्य होते की पीयूषिका ग्रंथी आकाराने आणि रचनेने सामान्य आहे. त्याच्या वरच्या परिच्छेदात, जाता जाता, स्फेनॉइड सायनसमध्ये लहानशी रिटेन्शन सिस्ट असल्याची नोंद होती. सर्दी-पडशाने हैराण झालेल्या या देशात सायनसमधील अशा नोंदीकडे कोणी वळूनही पाहत नाही.

ही सिस्ट नव्हती, आणि ते त्याच प्रतिमांवरून कळण्याजोगे होते. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. तिच्या आत रक्तपुरवठा नसल्यामुळे कॉन्ट्रास्ट दिल्यावर फार तर तिची कड उजळते, आतला भाग नाही. येथे संपूर्ण गोळा उजळलेला होता, फक्त शेजारच्या पीयूषिकेपेक्षा आणि सायनसच्या अस्तरापेक्षा थोडा कमी. अर्थात सगळा दोष केंद्राच्या माथी मारणे न्यायाचे नाही. आम्ही नेलेल्या चिठ्ठीवर पीयूषिकेचा एमआरआय एवढेच लिहिलेले होते. कॉर्टिसॉल वाढले आहे, एसीटीएच वाढलेले आहे, यातला एक शब्दही त्यावर नव्हता. ज्याला ग्रंथी पाहायला सांगितली त्याने ग्रंथी पाहिली. तरीही माझे मत असे आहे की ज्या केंद्रात रेडिओलॉजिस्ट रुग्णाला दोन प्रश्न विचारत नाहीत आणि आधीच्या रक्ताच्या अहवालांची प्रत मागत नाहीत, तेथे यंत्र कितीही टेस्लाचे, म्हणजे कितीही ताकदीच्या चुंबकाचे असले तरी सेवा अर्धीच मिळते. या केंद्राच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: त्यांनी फिल्मबरोबर सगळ्या प्रतिमांची सीडी न मागता दिली. ती नसती, तर पुढचे काही सोपे झाले नसते.

फिजिशियनांनी मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे संप्रेरकांच्या विभागाकडे चिठ्ठी दिली. मी ठाण्याला राहते, त्यामुळे वहिनी आणि दादा माझ्याकडेच उतरले. या विभागाची ओपीडी म्हणजे गर्दी, केसपेपरची रांग, पंखा नसलेला व्हरांडा आणि नंबर पुकारणाऱ्या मामांचा चढा आवाज. खासगी दवाखान्यातल्या गारव्याची सवय असलेल्यांना तेथे पहिला तास जड जाईल. पण तपासणी सुरू झाली की फरक कळतो. निवासी डॉक्टरांनी वहिनींना बुटक्या स्टुलावर बसवले आणि म्हणाल्या, "ताई, दोन्ही हात छातीशी धरा आणि कशालाही न टेकता उठून दाखवा." वहिनी अर्ध्यापर्यंत उठल्या आणि परत खाली बसल्या. मांडीचे स्नायू कॉर्टिसॉलने झिजलेले आहेत, हे एवढ्यावरून त्यांनी टिपले. मग हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून तिची जाडी पाहिली, जुने फोटो मागितले, आणि संधिवातासाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने, वैद्यांच्या पुड्या, त्वचेवरची मलमे यांपैकी काही घेतले आहे का, हे प्रश्न बदलून बदलून विचारले. बाहेरून घेतलेले स्टिरॉइड हे अशा लक्षणांचे सर्वांत मोठे कारण असते, त्यामुळे ही उलटतपासणी गरजेचीच होती. दादाला मात्र ती थोडी लागली.

वहिनींना दाखल करून घेतले गेले. लाळेतील कॉर्टिसॉल रात्री ११ वाजता घेतले, तेही लागोपाठ दोन रात्री. कॉर्टिसॉल निरोगी माणसात मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते; कुशिंगमध्ये हा उतारच नाहीसा होतो. कापसाची गुंडाळी तोंडात धरून ती नळीत टाकायची असते, आणि त्याआधी खाणे, दात घासणे, तंबाखू वर्ज्य. वॉर्डातील सिस्टरांनी त्या रात्री शेजारच्या खाटांवरच्यांना सुद्धा दहानंतर दिवे मालवायला लावले. खासगी प्रयोगशाळेच्या पत्रकात या सूचना सगळ्या छापलेल्या असतात, पण त्या पाळून घेणारे माणूस येथे होते.

एसीटीएच चढे, पीयूषिका स्वच्छ, म्हणजे स्रोत कोठे हा प्रश्न उरलाच. त्यासाठीची चाचणी म्हणजे इन्फीरिअर पेट्रोसल सायनसमधून नमुने घेणे. दोन्ही जांघांतील शिरांमधून बारीक नळ्या थेट कवटीच्या तळापर्यंत सरकवतात, जेथे पीयूषिकेकडून येणारे रक्त उतरते, आणि उजवीकडचा, डावीकडचा व अंगातील दुसऱ्या शिरेतला असे तीन नमुने एकाच क्षणी घेतात. मग उत्तेजक औषध देऊन ठरावीक मिनिटांनी पुन्हा पुन्हा. अमेरिकेतील बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एडवर्ड ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याचे निकष मांडले: कवटीतले एसीटीएच अंगातल्या एसीटीएचच्या औषधाआधी २ पट किंवा औषधानंतर ३ पट असेल, तर स्रोत पीयूषिकेचा समजावा. मूळ पद्धतीतील सीआरएच हे औषध महाग आणि मिळायला अवघड असल्यामुळे येथे डेस्मोप्रेसिन वापरले गेले. कॅथलॅबबाहेर एका निवासी डॉक्टरांनी बर्फाच्या ट्रेमध्ये बाटल्या तीन ओळींत मांडल्या होत्या. प्रत्येक ओळीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी, प्रत्येक बाटलीवर मिनिट लिहिलेले. दुचाकीच्या डिकीतली ती एक बाटली आठवून मला तेथे राग आवरावा लागला.

गुणोत्तर पीयूषिकेच्या बाजूने, अगदी स्पष्ट आले. येथे या सेवेचे मोठेपण आहे, असे मी मानते. अशा वेळी नेहमीचा मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया करून ग्रंथी उघडणे, बारीक बारीक काप देऊन गाठ शोधणे, आणि सापडली नाही तर ग्रंथीचा काही भाग काढून टाकणे. एमआरआयमध्ये न दिसणाऱ्या गाठी कुशिंगमध्ये पुष्कळ असतात, त्यामुळे हा मार्ग चुकीचाही नाही. पण या चाचणीने कळते ते रक्ताचा निचरा कोणत्या प्रदेशातून होतो एवढेच. स्फेनॉइड सायनसमधील गाठीचे रक्तही कॅव्हर्नस सायनसमार्गे त्याच शिरांत उतरू शकते. विभागाच्या साप्ताहिक बैठकीत एंडोक्रायनॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, कान-नाक-घसा विभागाचे सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात, आणि शस्त्रक्रियेआधी जुन्या प्रतिमा सगळ्यांसमोर पुन्हा पाहिल्या जातात. तेथे रेडिओलॉजिस्टांनी सीडी लावून त्या तथाकथित सिस्टवर बोट ठेवले. नंतर रुग्णालयाच्या यंत्रावर पातळ कापांचा, कॉन्ट्रास्ट चढत असतानाच प्रतिमा घेणारा एमआरआय आणि सायनसचा सीटी झाला. ग्रंथीखालच्या हाडाचा तळ शाबूत, आणि त्याच्या खाली, सायनसच्या छताला चिकटलेला सुमारे ९ मिलिमीटरचा गोळा. प्रमुख मॅडमनी स्वतः दादाला बोलावून पडद्यावर दाखवले की ग्रंथी ही, गाठ ती, आणि दोघींच्या मध्ये हाड आहे.

येथे एक धोक्याची सूचना. सायनसमध्ये काही दिसले की कोणी ओपीडीतच नाकातून तुकडा काढण्याची तयारी दाखवते. स्फेनॉइड सायनसच्या दोन्ही भिंतींना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या आणि डोळ्यांच्या नसा लागून असतात. तेथे हात घालायचा तो पूर्ण नकाशा हाती असताना आणि शस्त्रक्रियागृहातच.

शस्त्रक्रियेआधी काही आठवडे केटोकोनॅझोलने कॉर्टिसॉल खाली आणले, पोटॅशियम भरून काढले, रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणली. नाकाच्या मार्गाने पीयूषिकेची पहिली शस्त्रक्रिया हर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुकला केली, तेव्हा नाकच बाजूला करावे लागले होते. आता दोन्ही नाकपुड्यांतून दुर्बीण आणि हत्यारे जातात, चेहऱ्यावर व्रणही राहत नाही. नाक-घशाच्या सर्जननी वाट करून दिली, गाठ न्यूरोसर्जननी काढली. ग्रंथी उघडलीच नाही, आणि या सगळ्या खटाटोपाचे फळ हेच आहे. ग्रंथी उघडून तिचा तुकडा काढला असता, तर आजार तसाच राहून वर थायरॉइडची आणि इतर संप्रेरकांची उणीव पदरी येण्याची शक्यता होती.

पॅथॉलॉजीचे काम नेमके झाले, पण त्याची एक अडचण सांगितली पाहिजे. नाकाच्या परिसरातील गाठीचा तुकडा सिनॅप्टोफायसिन या रंगचाचणीला होकारार्थी आला की तो घ्राणपेशींच्या कर्करोगाचाही असू शकतो, अन्य न्यूरोएंडोक्राइन कर्करोगाचाही. भलत्या जागची पीयूषिकेची गाठ या घोळात कर्करोग म्हणून नोंदली जाण्याचा धोका खराच असतो. निवाडा होतो तो एसीटीएच आणि टीपीट या रंगचाचण्यांनी. टीपीट हे एसीटीएच बनवणाऱ्या पेशींचे ओळखपत्र, आणि २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशाच घटकांवर भर आहे. आमच्या वेळी टीपीट रुग्णालयात होत नव्हती. काढलेला तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो पॅराफिनचा (मेणाचा) ठोकळा बाहेरच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा, पैसे भरायचे आणि अहवाल आणायचा, हे काम दादाकडे आले. पॅथॉलॉजिस्टांनी मात्र सोबतच्या पत्रात रुग्णाचा सगळा इतिहास लिहून दिला होता. एमआरआयच्या चिठ्ठीवर जे नव्हते ते या पत्रात होते. दोन्ही चाचण्या होकारार्थी आल्या.

खर्चाच्या बाबतीत एवढेच की दाखल झाल्यानंतरचा मोठा भाग शासकीय योजनेतून भागला आणि योजनेच्या कक्षातील आरोग्यमित्रांनी कागदपत्रांसाठी ताटकळत ठेवले नाही. खिशाला चाट बसली ती त्याआधीच्या चाचण्यांत, आणि त्यांतल्या काही तर पुन्हा कराव्या लागल्या.

शस्त्रक्रियेनंतरच्या समुपदेशनाला मी कमी गुण देते. सकाळचे कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले, ही या आजारात आनंदाची बातमी असते, कारण इतके दिवस दबून राहिलेल्या निरोगी पेशी अजून जाग्या झालेल्या नसतात आणि गाठ पूर्ण निघाल्याची ती खूण मानतात. पण वहिनींना वाटले की शस्त्रक्रिया बिघडली. अंग मोडून येत होते, भूक गेली होती, हातापायांची कातडी सोलवटत होती, मन उदास होते. चढ्या कॉर्टिसॉलला सरावलेले शरीर ते एकाएकी गेल्यावर असे वागते, हे आम्हांला आधी कोणीतरी सांगायला हवे होते. घरी सोडताना कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आणि एक कार्ड मिळाले. ताप आला तर मात्रा दुप्पट करा, उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा, असा जीव वाचवणारा मजकूर त्यावर होता, आणि तो फक्त इंग्रजीत होता. मी तो मराठीत लिहून एक प्रत वहिनींच्या पर्समध्ये, एक शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे आणि एक गावातल्या औषधाच्या दुकानात ठेवली. पुढच्या भेटीत विभागातील एका डॉक्टरांनी ती पाहिली आणि मजकूर तपासून फळ्यावर लावायला मागून घेतली.

वहिनी आता शाळेत जातात, रक्तदाबाची एक गोळी सुटली आहे, साखरेचे औषध बंद झाले आहे. मांडीतली ताकद सावकाश येत आहे. आजार उलटू शकतो, आणि उलटला तर सर्वांत आधी बहुधा रात्रीच्या लाळेतील कॉर्टिसॉल वाढते, म्हणून ती चाचणी ठरावीक काळाने करायला सांगितली आहे. जिल्ह्याच्या गावी त्या साखळीच्या केंद्रात ही चाचणी यादीत आहे. नळी मात्र मुंबईहून मागवावी लागते आणि नमुना कसा नेणार हे विचारले असता काउंटरवरच्या मुलीने तेच उत्तर दिले, की यंत्र प्रमाणित आहे. त्यामुळे नळी आम्ही रुग्णालयातूनच घेऊन ठेवतो, वहिनी घरी नमुना घेतात, आणि दादा तो बर्फाच्या डब्यातून पहाटेच्या गाडीने मुंबईला पोचवतो.